दाखल्याची लाज आणि लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र



बारावीचा निकाल लागला. आता पुढचे दोन महिने आपल्याकडे सत्कारांचे. या मंडळाचा सत्कार, त्या संघटनेचा सत्कार, पोटजातीचा वेगळा, कॉलनीचा वेगळा. एकाच मुलीला चार ठिकाणी तेच प्लास्टिकचं मानचिन्ह, तीच शाल, तोच नारळ. पाहुण्यांची भाषणं लांबतात, सूर्यास्ताच्या आधी जेवणं उरकायची म्हणून शेवटच्या वीस मुलांची नावं भराभर वाचली जातात, आणि आपण घरी येऊन फोटो टाकतो.

मी आमच्या महिला मंडळाची खजिनदार आहे. बोलण्याआधी वही उघडायची मला सवय आहे, म्हणून आकडे सांगते. गेल्या वर्षीच्या गुणवंत सत्काराला आमचे १ लाख १८ हजार रुपये लागले. त्यातले ७६ हजार मंडप आणि जेवणाचे, २९ हजार मानचिन्हांचे, उरलेले शाली, नारळ, फ्लेक्स आणि फोटोवाल्याचे. मुलांच्या फीवर, पुस्तकांवर, हॉस्टेलवर त्यातला एक रुपयाही गेला नाही. जाणारही नव्हता, कारण तशी ओळच आमच्या वहीत नाही.

त्या कार्यक्रमात मानचिन्ह घेतलेली एक मुलगी आज, वर्षभरानंतर, घरी बसून आहे. नाव सांगणार नाही, ओळख पटेल असंही काही लिहिणार नाही. वडिलांना अर्धांगवायू झाला, दुकान बंद पडलं, आई मसाले आणि पापड करून देते. मुलीला बारावी सायन्सला चांगले मार्क, सीईटी दिलेली, बी. फार्मसीला दुसऱ्या फेरीत नंबर लागलेला, तोही परगावी. ट्यूशन फी सरकार भरणार होतं. त्यासाठी लागत होता फक्त एक दाखला, ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा. तो काढलाच गेला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आपल्या घराण्यात कोणी गरिबीचा कागद काढलेला नाही, आता काढला तर उद्या दुसऱ्या मुलींची लग्नं कशी जमायची? आणि हे बोलणारे फक्त पुरुष नव्हते. आजी होती, काकू होती, मावशी होती. नंबर लागलेली जागा गेली. आता कुणी विचारलं की उत्तर तयार असतं, "सध्या घरीच असते."

हे "सध्या घरीच असते" मी आपल्या समाजात इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा मला राग येतो. तीन शब्दांत एका मुलीचं काय काय झाकलं जातं!

माझं म्हणणं सरळ आहे. बारावीनंतर आपल्या मुली थांबतात त्या परिस्थितीमुळे कमी आणि लाजेमुळे जास्त. दाखला काढायची लाज, मदत मागायची लाज, मुलीने शिकता शिकता चार पैसे कमवायची लाज, तिने हॉस्टेलवर राहायची लाज. परिस्थितीवर उपाय असतो. या लाजेला आपण संस्कार म्हणतो, त्यामुळे तिच्यावर उपाय शोधायला कुणी जात नाही.

आपला समाज शिकलेला आहे, असं कुणी लगेच म्हणेल. आहेच. २००१ च्या जनगणनेत देशातल्या सगळ्या धर्मसमाजांत जैनांची साक्षरता सर्वांत जास्त होती, ९४.१ टक्के, आणि आपल्या स्त्रियांची ९०.६ टक्के. हा आकडा आपल्या प्रत्येक अधिवेशनात सांगितला जातो. पण साक्षर म्हणजे ज्याला समजून वाचता-लिहिता येतं तो. बारावी झालेली मुलगी त्यात केव्हाच मोजून झाली. ती पुढे कॉलेजात गेली की मसाल्याच्या पुड्या भरायला बसली, हे त्या आकड्यात दिसत नाही. ते पाहायला आपल्याच गल्लीत फिरावं लागतं.

आता ज्यांचं नाव आपण कार्यक्रमांत अभिमानाने घेतो त्यांच्याबद्दल. कर्मवीर भाऊराव पाटील आपले. जैन घरात, कुंभोजला १८८७ साली जन्मलेले. फोटोला हार घालताना आपल्याला हे बरोबर आठवतं. पण त्यांनी केलं काय, ते नीट आठवत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

भाऊराव शिकायला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये होते. तिथे असताना ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. बोर्डिंग सोडावं लागलं. मॅट्रिकही पूर्ण झालं नाही. म्हणजे लोक काय म्हणतील याचा पहिला धडा त्यांना आपल्याच लोकांकडून मिळाला. त्याच माणसाने १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली ठेवणारं वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं.

या वसतिगृहाची आई होती लक्ष्मीबाई, भाऊरावांची पत्नी. कर्मठ जैन घरात वाढलेली बाई. सोवळं-ओवळं, विटाळ, सगळं पाळणारी. तिच्या चुलीपाशी मराठा, महार, मांग, मुसलमान, सगळ्यांची मुलं जेवायला बसायची. हे तिला एका दिवसात जमलं नसणार. मला तर त्या बाईचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, दागिने नंतर. पण दागिनेही गेले. मुलांच्या धान्यासाठी एकेक करून माहेरचं सगळं सोनं गेलं, आणि एक दिवस कोठीत काहीच उरलं नाही तेव्हा गळ्यातलं मंगळसूत्रही तिने काढून दिलं. नवरा जिवंत असताना, त्या काळात, खेड्यातल्या पाटलाच्या घरातल्या जैन बाईने! लोक काय म्हणाले असतील याची कल्पना करा. १९३० साली ती गेली. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडलं, जिथे गरिबाच्या मुलाने श्रम करायचे आणि त्यावर पदवीपर्यंत शिकायचं. ते पाहायला ती नव्हती.

"कमवा आणि शिका" हे नाव त्यातून महाराष्ट्रभर गेलं. आज विद्यापीठांत या नावाच्या योजना आहेत. पुणे विद्यापीठातल्या योजनेला तर कर्मवीरांचंच नाव आहे. मुलं-मुली दिवसातले काही तास ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतात आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात. आता मला सांगा, त्या रांगेत आपल्या किती मुली दिसतात? मुलीने कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावून पैसे मिळवले म्हटलं की आपल्या घरात सुतक पडल्यासारखे चेहरे होतात. "आपली मुलगी आणि मजुरी?" भाऊराव आपले, लक्ष्मीबाई आपली, फक्त त्यांची योजना दुसऱ्यांच्या मुलांसाठी. असं कसं चालेल?

आपल्याच शहरातलं बघा. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ साली. त्याआधी इथल्या कॉलेजांना हैदराबादचं उस्मानिया होतं. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. नागसेनवनातल्या वसतिगृहांत राहून, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून, दाखले काढून खेड्यापाड्यांतली मुलं तिथे शिकली. त्यांतले प्राध्यापक झाले, अधिकारी झाले, लेखक झाले. त्यांच्या घरी आपल्यापेक्षा कितीतरी कमी होतं. त्यांनी दाखल्याला लाज मानली असती तर ती आजही शेतावर राबत असती. ज्यांना समाजाने शतकानुशतकं खाली ढकललं त्यांनी मान वर करून कागद मागितला, आणि आपण, ज्यांना कुणी कधी दारातून हाकललं नाही, तहसील कार्यालयाच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसेल म्हणून तोंड लपवतो. याला मी स्वाभिमान म्हणणार नाही.

माझंही थोडं सांगते. कौतुकासाठी नाही. ज्यांना वाटतं की हिला काय जातं बोलायला, त्यांच्यासाठी. मी बारावीला होते तेव्हा वडील गेले. साल १९८८, दिवाळीनंतरचे दिवस. पाठची दोन भावंडं. मी बारावी पास झाले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मिळून ठरवलं की हिने शिवण शिकावं, दोन वर्षांत उजवून टाकू. एका समाजट्रस्टकडे शिक्षणासाठी उसने पैसे मिळतात असं कळलं म्हणून आई गेली. मुलींसाठी तरतूद नाही, मुलगा मोठा झाला की या, असं सांगून तिला परत पाठवलं. माझा भाऊ तेव्हा सातवीत होता.

आईने घरी येऊन पाणी प्यायलं आणि मला म्हणाली, तू फॉर्म भर. मी बी. कॉम.ला सकाळच्या कॉलेजात नाव घातलं. साडेसातला कॉलेज, बारापासून संध्याकाळपर्यंत गुलमंडीजवळच्या एका कापड दुकानाच्या माडीवर रोकड आणि खतावणी लिहायची. महिना साडेतीनशे रुपये. थंडीत दिवस लवकर मावळायचा, म्हणून पाच वाजता तिथेच डबा उघडायचा. दशमी आणि मुगाची कोरडी डाळ. तीन वर्षं मी हेच खाल्लं आणि अजूनही मला ते आवडतं, हे विशेष! नातेवाईक आईला विचारायचे, मुलीला दुकानावर पाठवता? आई म्हणायची, "चोरी करायला जात नाही, हिशेब लिहायला जाते." या एका वाक्यावर आमच्या घरातली लाज संपली. पुढे नोकरी लागली, नोकरी करता करता एम. कॉम. झालं. लग्नही झालं, कुणाचं अडलं नाही.

तेव्हा सरकारकडून माझ्यासारखीला फारसं काही नव्हतं. आज आहे, आणि म्हणून माझा संताप जास्त आहे. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख किंवा त्याहून कमी असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ही सवलत निम्मी होती. इंजिनिअरिंग, फार्मसी, वैद्यकीय, व्यवस्थापन, बरंच काही यात येतं. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर मिळत नाही, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे घाईघाईने "ओळखीने" प्रवेश घ्यायची सवय आहे, तिथे हे पैसे हातचे जातात.

याशिवाय जैन समाजाला जानेवारी २०१४ पासून केंद्राने अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिलेली आहे. ती मान्यता मिळाली तेव्हा आपण मिरवणुका काढल्या, पेढे वाटले. पण अल्पसंख्याक म्हणून संस्था चालवण्याचे हक्क वापरायचे आणि गरीब मुलीचा फॉर्म भरायची वेळ आली की "आपण कुठे गरीब?" म्हणायचं, हा दुटप्पीपणा आहे. आपल्यातही गरीब आहेत. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे, दुसऱ्याच्या दुकानावर मापं घालणारे, मंदिरात सगळ्यांत मागे बसणारे. ते दिसत नाहीत कारण पर्युषणात तेही इस्त्रीचे कपडे घालून येतात.

मी हे मंडळात बोलले तेव्हा काय काय ऐकायला मिळालं! त्यातलं काही खोडून काढण्यासारखं आहे, काही खरंच विचार करण्यासारखं.

एक म्हणजे, हॉस्टेलवर धर्म कसा पाळणार? कांदा-लसूण, रात्रीचं जेवण, न गाळलेलं पाणी. प्रश्न खोटा नाही. पण या प्रश्नाचं उत्तर कुणी शोधायला निघत नाही, तो फक्त दार लावायला वापरतात. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा हा प्रश्न आपण त्याला विचारला होता का? त्याच्यासोबत खाकऱ्यांचे डबे दिले आणि म्हटलं, जमेल तसं कर बाळा. मुलीलाही डबे देता येतात. जिथे आपली दोन-चार घरं आहेत तिथे संध्याकाळी पाचचा डबा लावून देता येतो, आणि हे काम आपण बायकाच करू शकतो. कोल्हापूरचं बोर्डिंग काय, १९१८ सालचं कारंज्याचं गुरुकुल काय, आपल्या पूर्वजांनी मुलांचा धर्म आणि शिक्षण दोन्ही सांभाळायला घरं बांधली. मुलींच्या बाबतीत मात्र दानवीर माणिकचंदांच्या मगनबाईला, म्हणजे स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या बाईला, मुंबईत श्राविकाश्रम उभा करावा लागला. शंभर वर्षं होऊन गेली त्याला. आज आपल्या शहरात बाहेरगावहून शिकायला येणाऱ्या जैन मुलीसाठी आपल्या मंडळाने किती खोल्या दिल्या आहेत? शून्य. धर्मशाळा आहेत, लग्नाच्या तारखांना भरलेल्या असतात.

दुसरं म्हणजे, घरूनच करू द्या की बी. ए., बाहेरून. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि त्याने हजारो बायकांचं भलं केलं आहे. माझी धाकटी जाऊ दोन मुलांनंतर तिथूनच पदवीधर झाली. मला त्याबद्दल आदर आहे. पण जिचा फार्मसीला नंबर लागला आहे, जिला प्रयोगशाळेत उभं राहायचं आहे, तिला "बाहेरून बी. ए. कर" सांगणं म्हणजे भुकेल्याला जेवणाचा फोटो देणं. आणि घरून करायचं ठरलेल्या मुलीला घर अभ्यास करू देतं का? सकाळी पूजेची तयारी, मग स्वयंपाक, दुपारी पापड, संध्याकाळी पाहुणे. पुस्तक कपाटावर. दोन वर्षांनी फॉर्मची मुदत संपते आणि सगळे म्हणतात, तिलाच आवड नव्हती.

तिसरं स्थळांचं. इथे मी थोडी थांबते, कारण हे खोटं नाही. आपल्याकडे मुलगे बारावीनंतर गादीवर बसतात आणि मुली शिकत जातात, मग जुळत नाही. आयांना खरोखर झोप येत नाही यापायी. पण यावर उपाय म्हणून मुलीचं शिक्षण कापायचं, हा कुठला न्याय? दोन वाट्या समान करायच्या असतील तर रिकामी वाटी भरायची की भरलेली सांडायची? मुलाला म्हणा, दुकान सांभाळून पदवी घे. आणि ज्या घराला शिकलेली सून जड वाटते, त्या घरी आपली मुलगी नको. स्पष्टच सांगते.

चौथं ऐकून मात्र मी गप्प बसले नाही. एक ताई म्हणाल्या, दान धर्मासाठी द्यायचं असतं, हे लौकिक शिक्षण, याला दिलं तर पुण्य काय? ताई, आपण आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान असे चार दानांचे पाठ मुलांना पाठशाळेत शिकवतो. शास्त्रदान म्हणजे फक्त ग्रंथ छापून वाटणं नव्हे. आणि लौकिक विद्येला इतकं खालचं का मानायचं? भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. लिहिणं आणि हिशेब, याहून लौकिक काय असतं? आदिपुराणात तर मुलींना आधी बसवून शिकवलं आहे, भरत-बाहुबलींची पाळी नंतर. जिनसेनाचार्यांनी आदिपुराण रचलं त्याच नवव्या शतकाच्या सुमाराला इकडे वेरूळच्या डोंगरात आपली लेणी कोरली जात होती. इंद्रसभा पाहायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, गाडी लावतो, फोटो काढतो. त्याच काळातल्या ग्रंथाने सांगितलेली ही साधी गोष्ट मात्र घरी आणत नाही.

आणखी एक. दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय आपण ऐकतो. सहाव्या दिवशी सहावा. त्या दिवशी सुगंध दशमी असते, सगळ्या मंदिरांत धूप खेवायला जायचं असतं म्हणून आपण घाईत असतो आणि प्रवचन अर्धंच ऐकलं जातं. त्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरण कर्माचा आस्रव कशाने होतो ते सांगितलं आहे. त्या कारणांत मात्सर्य आहे, म्हणजे येत असूनही दुसऱ्याला ज्ञान न देणं. आणि अंतराय आहे, म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानात आडवं येणं. मी पंडित नाही. पण बी. फार्मसीला निघालेल्या मुलीची वाट घरातल्या चार बायकांनी अडवली तर त्या कर्माचा हिशेब कोणाच्या खात्यावर पडतो, हे मला कळतं. कंदमूळ चुकून खाल्लं तर आपण प्रायश्चित्त विचारायला धावतो. मुलीचं शिक्षण अडवल्याचं प्रायश्चित्त विचारायला महाराजांकडे गेलेली एक तरी बाई मला दाखवा.

सत्कार बंद करा असं मी म्हटलं म्हणून माझ्यावर नाराजी आहे. मुलांचा हिरमोड होईल म्हणतात. मला नाही वाटत. ९६ टक्क्यांच्या मुलाला पुढे जायला आपला नारळ लागत नाही. त्याचं कौतुक स्वाध्यायानंतर पाच मिनिटांत करा, टाळ्या वाजवा, प्रभावना म्हणून एखादं चांगलं पुस्तक द्या. जो ६८ टक्क्यांवर, वडील अंथरुणाला खिळलेले असताना पास झाला, जी दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटून पास झाली, त्यांची नावं आपल्या यादीतच नसतात, कारण यादी ८० टक्क्यांपासून सुरू होते.

म्हणून येत्या रविवारच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे, आणि तो इथे आधीच लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी फिरवू नये. यंदा मंडप नाही, जेवण नाही. ती रक्कम वेगळ्या खात्यात. त्यातून ज्या मुलींची फी माफ झाली आहे पण हॉस्टेल, मेस, पुस्तकं आणि पहिल्या महिन्याचा खर्च अडला आहे, त्यांना पैसे थेट कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या खात्यात. ऑगस्टमध्ये नाही, प्रवेशाच्या आठवड्यात. फेरीत जागा स्वीकारायला मोजके दिवस मिळतात, आपली कमिटी मात्र चातुर्मासाच्या तयारीत असते. नाव जाहीर करायचं नाही, व्यासपीठावर बोलवायचं नाही, फोटो नाही. घेणाऱ्या मुलीचं नाव फक्त दोघींना माहीत, अध्यक्ष आणि खजिनदार. परत करता आले तर नोकरी लागल्यावर करावेत, नाही आले तर पुढच्या मुलीचा फॉर्म भरायला मदत करावी. १ लाख १८ हजारांत परगावच्या दोन मुलींचं वर्ष ओढता येईल, मी हिशेब करून पाहिला आहे. घरातून जाऊन-येऊन शिकणाऱ्या असतील तर जास्त.

विरोध होणार. जेवण नसेल तर लोक येणार नाहीत, असं आत्ताच कानावर आलं आहे. नका येऊ. पैसे तेवढे पाठवा.

आता दाखल्याचं. ईडब्ल्यूएसचा दाखला तहसीलदारांचा असतो, अर्ज सेतू केंद्रातून किंवा ऑनलाइन होतो. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचा पुरावा लागतो, आणि १३ ऑक्टोबर १९६७ किंवा त्याआधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. आपल्यातली बरीच घरं इथेच अडतात, कारण आजोबांचे कागद गावाकडच्या पेटीत. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना दुकानाचा परवाना, घरपट्टीची पावती, सातबारा, काय सापडतं ते आजच शोधा, कॅप राउंड सुरू झाल्यावर नाही. ज्यांच्या पोटजातीला ओबीसीचा दाखला मिळतो त्यांना ईडब्ल्यूएस मिळत नाही, त्यांनी तोच दाखला आणि सोबत नॉन-क्रीमीलेअर काढावं. फी माफीचा अर्ज महाडीबीटीवर मुलीनेच स्वतः भरायचा, तिचं आधार बँक खात्याला जोडलेलं असलं पाहिजे. हे दिसायला छोटं काम आहे पण यात आठवडा जातो.

ज्यांना तहसीलला एकटं जायला नको वाटतं त्यांनी मला सांगा. मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मोकळी असते, सोबत येईन. रांगेत कुणी ओळखीचं भेटलं आणि विचारलं, तर दाखला माझ्यासाठी काढायला आलेय असं मी सांगेन. गेल्या वर्षीच्या त्या मुलीची सीईटी तिने यंदा पुन्हा दिली आहे. तिची आई परवा अभिषेकानंतर हळूच विचारत होती, पेटीत सासऱ्यांचा १९६१ सालचा दुकानाचा परवाना आहे, तो चालेल का. चालेल म्हटलं. शुक्रवारी आम्ही जातोय.